लसणाची फोडणी आणि दोन सुना

सतरा वर्षं मी आमच्या गावच्या शाळेत खिचडी शिजवली. साठ-सत्तर पोरांची रोजची खिचडी, कधी वाटाण्याची उसळ, कधी मटकी. ठेचलेला लसूण तेलात पडला की पहिलीपासून सातवीपर्यंत सगळ्या वर्गांच्या खिडक्यांत डोकी यायची. एकदा गुरुजी स्वतः स्वयंपाकाच्या शेडमध्ये येऊन म्हणाले होते, "बाई, फोडणी जरा सुट्टीच्या वेळेला देत जा. इथं कुणाला पाढे आठवत नाहीत." हे मी नंतर बऱ्याच लोकांना सांगितलं. माझी फोडणी म्हणजे माझा मान होता, आणि त्याच फोडणीने पहिली ओकारी आली ती माझ्याच सुनेला.

सून आमची चौलची. तिच्या माहेरी नारळ-सुपारीची वाडी, जेवणात ओलं खोबरं आणि कोकम, सगळं सौम्य. आमचं गाव उरणच्या बाजूला, खाडीच्या काठी. एका अंगाला मिठागरं, दुसऱ्या अंगाला कंटेनरची यार्डं. आमच्याकडे तिखट आणि सुकी मासळी. लग्नानंतर दोन वर्षांत तिने सुकट खायला शिकून घेतली होती. वाळवलेली बारीक कोलंबी कांद्या-लसणावर परतायची आणि तांदळाच्या भाकरीबरोबर खायची, एवढं साधं जेवण. नोव्हेंबरातल्या एका सकाळी मी तीच करत होते. सून शिलाई मशीनवर ब्लाऊज शिवत बसली होती. लसूण तेलात पडला आणि ती तोंडाला पदर लावून धावत मागच्या दारी गेली. मी फोडणी तशीच टाकून तिच्या मागे गेले. पाठीवरून हात फिरवताना मला आनंदच झाला होता, कारण मला लगेच समजलं.

त्याच दिवशी दुपारी मुलाचा फोन आला. तो ट्रेलर चालवतो, तेव्हा पनवेलच्या पुढे होता. बातमी ऐकून त्याने इतका लांब हॉर्न वाजवला की मला फोन कानापासून दूर धरावा लागला. पहिला दिवस असा आनंदाचा गेला. दुसऱ्या दिवसापासून जेवणाचा प्रश्न सुरू झाला.

"आई, लसूण नको," ती म्हणाली. मी लसूण बंद केला. मग तिला मोहरीचा वास येऊ लागला. मोहरी बंद केली तर नुसतं तेल तापल्याचा. शेवटी कोरडा तवा तापला तरी ती म्हणायची, "आई, काहीतरी तापतंय." डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "तिला आवडेल ते करून द्या. थोडं थोडं, पण दर दोन तासांनी." हे सांगायला सोपं होतं. तिला काय आवडेल हे तिलाच माहीत नव्हतं. मी विचारायचे, ती छताकडे बघून विचार करायची, आणि विचार करता करताच तिला मळमळायला लागायचं.

एकदा ती म्हणाली, "थोडा मऊ भात खाईन." मला इतका हुरूप आला की मी लगेच भात टाकला. पण सतरा वर्षं माझ्या हाताला जी सवय लागली होती ती जाते कुठे? थोडा म्हणजे किती हे माझ्या हाताला कळतच नव्हतं. मी तिच्यापुढे भरलेला मोठा तोप नेऊन ठेवला. तिने आधी तोपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि उठून गेली. तो भात आम्ही दोघं नवरा-बायको तीन दिवस खात होतो. उरलेला शेजारच्या कोंबड्यांनी खाल्ला.

तेव्हा आमच्या ह्यांनी कारभार हातात घेतला. ह्यांचं सगळं आयुष्य मिठागरात गेलेलं. आता गुडघ्यांमुळे घरी असतात, पण डोकं अजून तिथेच आहे. चार दिवस ते नुसते बघत होते. पाचव्या दिवशी म्हणाले, "तिला जेवन नको असं न्हाय. तिला वास नको. वास जातो वाऱ्यानं. वारा माझ्याकडं लागला."

सुनेच्या शिलाईतली लाल कापडाची एक पट्टी त्यांनी उचलली, बांबूला बांधली आणि बांबू अंगणात पुरला. सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो, त्याला मतलई म्हणतात. दुपारनंतर समुद्राकडून येतो, तो खारा वारा. हे मला शाळेच्या शेडमध्ये बसून बसून पाठ झालं होतं, गुरुजी चौथीला दरवर्षी शिकवायचे. पण त्याचा स्वयंपाकाशी संबंध आहे हे मला पन्नाशी उलटल्यावर समजलं. ह्यांचं म्हणणं असं की सकाळची शेगडी घराच्या पश्चिमेला न्हाणीपाशी मांडायची, म्हणजे वास खाडीकडे जाईल. संध्याकाळची शेगडी पूर्वेला कुंपणाच्या भिंतीपाशी मांडायची, म्हणजे वास गावाकडे जाईल. घरात वास येणारच नाही.

सिलिंडर ठेवायला चाकं लावलेली फळी केली. शेगडीला लोखंडी स्टूल. मी नको नको म्हणत होते, पण पहिल्याच सकाळी सुनेने दीड भाकरी खाल्ली, त्यामुळे मला बोलायला जागा राहिली नाही. अडचण फक्त अकराच्या सुमाराची. तेव्हा वारा पडतो आणि मग फिरतो. नेमका किती वाजता हे कुणी सांगू शकत नाही. हे बांबूखाली खुर्ची टाकून बसायचे आणि पट्टीवरची नजर हलवायचे नाहीत. माझं कालवण अर्धं शिजलेलं असायचं आणि हे ओरडायचे, "फिरला! फिरला!" की मी कढई उचलायची, ह्यांनी सिलिंडर ओढायचा, आणि आम्ही दोघं घराला अर्धी प्रदक्षिणा घालून पूर्वेला जायचो. एकदा मधल्या वाटेत वारा परत उलटा फिरला. आम्ही कढई घेऊन घराच्या मागे उभे राहिलो. हे म्हणाले, "थांब. त्याला ठरवू दे." कालवण थंड झालं.

रस्त्यावरून जाणारे लोक लाल पट्टी बघून विचारायचे, कुठल्या पक्षाची सभा आहे. ह्यांनी एका माणसाला खरं कारण सांगितलं. त्याने एकदा पट्टीकडे, एकदा शेगडीकडे पाहिलं आणि तो "बरं" म्हणून निघून गेला.

भिंतीच्या पलीकडे जे घर आहे त्या घरच्या बाईशी मी तेरा वर्षं बोलत नव्हते. कारण सांगायला हवं. तिचा मुलगा सातवीत असताना माझ्या खिचडीत त्याला खडा लागला आणि त्याचा दात अर्धा तुटला. ती तो खडा काडेपेटीत घालून शाळेत आली. मी म्हटलं, खडा नाही, खडेमीठ आहे, नीट विरघळलं नसेल. ती म्हणाली दगड आहे. मुख्याध्यापकांनी सुचवलं की मिठातल्या जाणकाराला विचारू या, आणि त्यांनी आमच्या ह्यांनाच बोलावून घेतलं. ह्यांनी खडा जिभेवर ठेवला, डोळे मिटले, आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "मीठ न्हाय. दगडच हाय." शेजारणीशी मी तेरा वर्षं बोलले नाही. ह्यांच्याशी अकरा दिवस.

तो अर्ध्या दाताचा मुलगा आता मोठा झाला होता. वर्षापूर्वी त्याचं लग्न झालं, आणि माझ्या सुनेला दुसरा महिना होता तेव्हा त्याच्या बायकोला पाचवा होता. ती मूळची तळा गावची, भातशेतीवाल्या घरातली, अंगाने भरलेली आणि मोकळ्या आवाजाची. पण सासरी आल्यापासून तिच्या जेवणात लसूण नव्हता. तिच्या सासऱ्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं आणि त्या घरात सगळं उकडलेलं, पांढरं, बिनतिखटाचं शिजायचं.

एका संध्याकाळी मी भिंतीपाशी सुकट परतत होते. भिंतीवर एक डोकं आलं.

"काकी, काय करताय?"

मी बोलू की नको असा विचार केला. पण माझं भांडण तिच्या सासूशी होतं, तिच्याशी नव्हतं. "सुकट," मी म्हटलं.

"गेले तीन आठवडे हा वास येतोय," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी बरोबर साडेपाचला. काकी, मी आता वेडी होईन. थोडी द्याल का?"

मी भाकरीवर घालून वर दिली. तिने भिंतीपलीकडे उभ्याउभ्याच खाल्ली आणि रिकामा हात परत वर आला. चार भाकऱ्या झाल्या. पाचवी मागताना ती रडत होती. मी घाबरून विचारलं, तिखट झालं का? "न्हाई काकी," ती म्हणाली, "बरोबर झालंय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की तीन आठवडे वारा आमच्या घरातला सगळा वास उचलून नेमका तिच्या खिडकीत नेऊन टाकत होता. मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी पट्टीकडे पाहिलं आणि म्हणाले, "मग दिशा बराबर होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी उलटंच घडलं. मतलई सुटली होती, म्हणजे वारा पलीकडच्या घरावरून आमच्याकडे येत होता. माझी सून ओटीवर बसली होती. एकदम तिने मान वर केली आणि महिनाभरात पहिल्यांदा म्हणाली, "आई, कसला छान वास येतोय!"

मी नाक वर करून वास घेतला. दुधी. वाफवलेला दुधी, वर ओलं खोबरं, बाकी काही नाही.

"ह्याला वास म्हणतात?" मी म्हटलं.

"चौलला आई असाच करते," ती म्हणाली, आणि चपला घालून निघालीच. मला थांबवता आलं नाही. अर्ध्या तासाने परत आली तेव्हा तिच्या गालांवर रंग होता. दुधी, वरण, भात, आणि वर केळं खाऊन आली होती. मी आत जाऊन डबे पुसले. ज्या बाईने माझा दगड काडेपेटीतून गावभर फिरवला, तिचा उकडलेला दुधी माझ्या सुनेच्या पोटात राहिला होता आणि माझी सुकट राहत नव्हती.

आठवड्याभरात त्याचा नेमच झाला. दुपारी एक वाजता आणि संध्याकाळी सात वाजता दोन्ही घरांची फाटकं उघडायची. माझी सून तिकडे जायची, तिची सून इकडे यायची. वाटेत दोघी एकमेकींना विचारायच्या, "आज काय आहे?" आणि एकमेकींचं उत्तर ऐकून तोंडं वाकडी करायच्या. माझा मुलगा एकदा सुट्टीवर घरी होता. तो जेवायला बसला आणि समोर शेजारची सून बघून त्याने मला विचारलं, "आपली कुठे आहे?" मी म्हटलं, "जेवायला गेलीय." त्याने ताट पुढे ओढलं. ट्रेलर चालवणाऱ्या माणसाला रस्त्यात काहीही दिसू शकतं.

आम्ही दोघी सासवा मात्र अजून बोलत नव्हतो. निरोप सुनांबरोबर जायचे. तिकडून यायचा, "तुझ्या सासूला सांग, पोरीला इतकं तिखट घालू नको, सहावा लागलाय." इकडून जायचा, "तुझ्या सासूला सांग, माझ्या सुनेला जरा मीठ दाखव, पोरगी पांढरी पडलीय." मला मनातून एवढंच हवं होतं की तिची सून माझ्या हातचं खाऊन चांगली टुणटुणीत व्हावी आणि ते सगळ्या गावाला दिसावं. पलीकडेही तोच विचार चालू असणार, कारण माझी सून रोज काहीतरी जास्तीचं खाऊन यायची. शिरा, अळीव, शहाळ्याची मलई. आम्ही दोघी दुसरीच्या सुनेला असं भरवत होतो की स्वतःच्या सुनेला कुणी काय भरवलं असतं!

त्या महिन्यात आमच्या भागाला नवीन आशाताई आल्या. घरोघर जाऊन गरोदर बायकांची वजनं घ्यायची आणि वहीत लिहायची हे त्यांचं काम. बिचाऱ्या उन्हातून काटा उचलून आल्या, नेमक्या दुपारी एक वाजता. माझ्यासमोर पोट आलेली एक मुलगी तिसरी भाकरी मोडत बसली होती.

"ही सून का?" त्यांनी विचारलं.

"हो, सूनच," मी म्हटलं. खोटं काही नव्हतं. कुणाची, हे त्यांनी विचारलं नाही आणि माझा हात पिठात होता. त्यांनी वजन घेतलं, पोट बघितलं, आमच्या घराच्या नावापुढे लिहिलं आणि पलीकडे गेल्या. तिथे त्यांना माझी सून दुधी खाताना सापडली.

आठ दिवसांनी आरोग्य उपकेंद्रातून फोन आला. दोन्ही सुनांना घेऊन लगेच या. आम्ही वेगवेगळ्या रिक्षांनी गेलो. नर्सबाई माझ्या सुनेचं कार्ड हातात घेऊन बसल्या होत्या. कार्डावर तिसऱ्या महिन्याचं होतं आणि वहीत सहाव्या महिन्याचं पोट. "एका महिन्यात एवढी वाढ?" त्या म्हणाल्या आणि माझ्या सुनेकडे बघितलं. समोर सपाट पोटाची मुलगी. मग त्यांनी दुसरं कार्ड काढलं. "आणि ह्या बाईंचं पोट कमी झालंय." तेवढ्यात तळ्याची सून दारातून आत आली, आधी पोट आणि मागून ती.

दोघींना परत काट्यावर उभं केलं. मग नर्सबाईंनी ओळीने विचारायला सुरुवात केली. ही कुठल्या घरची? मग त्या घरात काय करत होती? जेवत होती. का? तिच्या घरी जेवण नाही का? आहे. ते कोण खातं? ही खाते. का?

आम्ही दोघी सासवा एकाच बाकावर बसलो होतो. ती खिडकीकडे बघत होती, मी लसीकरणाच्या तक्त्याकडे. नर्सबाईंनी आमच्याकडे वळून विचारलं, "अहो, तुमच्या सुना एकमेकींच्या घरी का जेवतात?"

"वारा," मी म्हटलं.

"लसूण," ती म्हणाली.

दोन्ही शब्द एकदमच आले. नर्सबाईंनी पाण्याची बाटली उघडली आणि बरंच पाणी प्यायल्या. मग त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, कार्डं दुरुस्त केली, आणि सांगितलं की दोघींचीही वजनं उत्तम आहेत, जे चाललंय ते चालू द्या, पण वजन घेताना आपापली सून आपापल्या घरी ठेवा.

जानेवारी संपत आला तेव्हा एका सकाळी मी न्हाणीपाशी शेगडी मांडली होती. हे बांबूखाली होते. स्वयंपाकघरातून ठेचण्याचा आवाज आला. आत गेले तर माझी सून खलबत्त्यात लसूण ठेचत होती, तोंडाने काहीतरी गुणगुणत.

"अगो, वास?" मी घाबरून म्हटलं.

"कसला वास?" ती म्हणाली. "आई, शेगडी कुठे गेली? सकाळी सकाळी तुम्ही अंगणात का स्वयंपाक करताय?"

चौथा महिना सरला होता आणि मळमळ एका रात्रीत गेली होती. आणि तिच्या बोलण्यातही असं काही नव्हतं की गेले दोन महिने घरात काही विशेष घडलंय. त्या सकाळी तिने तीन भाकऱ्या खाल्ल्या. मी शेगडी आत आणली. ह्यांनी मात्र बांबू काढला नाही. मी कारण विचारलं तर म्हणाले, "असू दे. बसायला बरं वाटतं."

त्याच आठवड्यात शेजारची सून सातवा पुरा करून बाळंतपणाला तळ्याला गेली. जाताना रिक्षात बसून तिने माझ्याकडून सुकटीचा डबा मागून घेतला. तिची सासू फाटकात उभी होती. ती डब्याकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

दुसऱ्या दिवशी एक वाजता भिंतीवर एक झाकलेली वाटी दिसली. आत दुधी. माझी सून आता तिकडे जात नव्हती, म्हणून दुधी इकडे आला होता. मी वाटी सुनेपुढे ठेवली. तिने झाकण उचललं आणि लगेच परत ठेवलं. "आई, मला आता दुधीचा वासच सहन होत नाही."

आता वाटी परत पाठवायची कशी? ज्या बाईचा अन्नावर हात बसलेला असतो तिला तिची वाटी भरलेली परत गेली की काय वाटतं हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? मी ती स्वयंपाकघरात उभ्याने खाल्ली, वाटी घासली आणि भिंतीवर ठेवली. रोज वाटी येत राहिली. पडवळ, दुधी, लाल भोपळा. रोज मी खात राहिले. सुनेला बजावून ठेवलं की भिंतीपलीकडून विचारलं तर छान होतं म्हणायचं. ती म्हणायचीही. आणि ते होतंही छान. मला ते कबूल करायला तीन आठवडे लागले, आणि तेही फक्त स्वतःशी. एका दिवशी वाटी आली नाही तर दीडपर्यंत मी दोनदा बाहेर जाऊन बघून आले. दीडला आली. नारळ मिळायला उशीर झाला होता म्हणे.

मार्चमध्ये एका सकाळी माझ्या दारात शेजारीण उभी. तेरा वर्षांत तिने माझा उंबरा बघितला नव्हता.

"तळ्याहून फोन आलाय," ती म्हणाली. "नववा लागलाय. पोरगी दोन दिस जेवत न्हाय. तुझी सुकट मागते. मी करून बघितली काल. मना जमत न्हाय."

"ये, बस," मी म्हटलं.

ती बसली नाही. चुलीपाशी येऊन उभी राहिली आणि माझ्या हातांकडे बघत राहिली. मी लसूण घेतला तेव्हा तिने विचारलं, "किती?"

"मूठभर."

"मूठभर!" ती म्हणाली. "मी तीन पाकळ्या घातल्या."

"म्हणून जमली न्हाय."

कांदा लाल झाला. मग ती म्हणाली, "कढई मोठी घेतलीस."

"मला लहान जमत न्हाय," मी म्हटलं. खरंच जमत नाही. तीन डबे भरतील एवढी सुकट झाली.

आता ती तळ्याला पोचवायची कशी हा प्रश्न आला. उरणहून तळा म्हणजे अर्धा दिवस. माझा मुलगा त्याच दुपारी रिकामा कंटेनर घेऊन गोव्याच्या हायवेने महाडच्या बाजूला निघाला होता. तळ्याचा फाटा त्याच्या वाटेवरच. आम्ही दोघींनी त्यातला एक डबा फडक्यात बांधला आणि यार्डाच्या गेटवर नेऊन दिला. चाळीस फुटी ट्रेलर, वर कंटेनर, कंटेनरमध्ये काही नाही आणि केबिनमध्ये बाजूच्या सीटवर पट्टा लावलेला एक स्टीलचा डबा. गेटवरच्या माणसाने मुलाला विचारलं, माल काय? तो म्हणाला, सुकट. त्या माणसाने कंटेनरला फेरी मारून वास घेऊन बघितला.

तळ्याच्या फाट्यावर शेजारच्या सुनेचे वडील मोटरसायकलवर येऊन थांबले होते. मुलाने डबा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घेतला आणि सांगितलं की पोरगी दुपारीच बाळंत झाली, मुलगा झाला, दोघं सुखरूप आहेत. आणि आता तिला सुकट चालणार नाही. दवाखान्यात तिच्यासाठी भात आणि तूप गेलं होतं. डबा हातात घेऊन ते थोडा वेळ उभे राहिले म्हणे. मग घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मला त्यांचा फोन आला. त्यांनी आधी नातवाची बातमी नीट सांगितली, वजन सांगितलं, कुणासारखा दिसतो ते सांगितलं. मग आवाज खाली आणला.

"ताई, ती सुकट मी खाल्ली," ते म्हणाले. "सगळी. भाकरीबरोबर. आमच्या घरात कुणाला दिली न्हाई."

"बरं केलंत," मी म्हटलं.

"पुढच्या वेळी ट्रेलर इकडून जाणार असला तर सांगा. मी फाट्यावर येऊन थांबेन."

मी हे शेजारणीला सांगितलं तेव्हा ती भिंतीला टेकून हसली. तिला इतकं हसताना मी कधी बघितलं नव्हतं. मग तिला आठवलं की आपल्याला नातू झालाय, आणि ती रडायला लागली. मी भिंतीवरून हात घालून तिचा खांदा धरला. भिंत छातीएवढी आहे, माझा दंड दोन दिवस दुखत होता.

आमची सून जूनमध्ये चौलला बाळंत झाली. मुलगी झाली. बघायला मी आणि शेजारीण दोघी गेलो. जाताना ती पडवळाची भाजी घेऊन आली होती, कारण माझी सून तिच्या हातचं अजून आवडीने खाते अशी तिची समजूत आहे. सुनेने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. तिने भाजी खाल्ली. चांगली पोरगी आहे.

नात आता दीड वर्षाची झाली. तिच्यासाठी रोज दोन घरांतून मऊ भात येतो, नाचणीची पेज येते, वाफवलेलं गाजर येतं. काल सकाळी ती अंगणात बसली होती. मी जवळ जाऊन तिचं तोंड उघडून बघितलं तर आत माती. बोटाने काढली तर माझं बोट चावली आणि दुसरी मूठ भरली.